जेनकिन्समध्ये टेस्ट फेल, तरी स्टेज हिरवीच: माझा अनुभव

जेनकिन्स म्हणजे बिल्ड, टेस्ट, डिप्लॉय ही कामं एकेका टप्प्यात (स्टेजमध्ये) आपोआप करणारं साधन. त्याच्या लॉगमध्ये टेस्ट फेल झाल्याचं स्पष्ट दिसतं, तरी स्टेज हिरवी होते आणि डिप्लॉय सुरू होतं. नागपुरात, मिहानमधल्या आमच्या टीमला या प्रकारानं अगदी रडकुंडीला आणलं होतं.

रिट्राय लावला, उपयोग शून्य; जेनकिन्सच्या लेखी काही फेलच झालं नव्हतं. जेयुनिट रिपोर्ट (टेस्टच्या निकालांचा अहवाल) जोडला, तर बिल्ड पिवळं, म्हणजे 'अनस्टेबल' झालं, पण पुढच्या स्टेज चालूच. 'अनस्टेबल'वर जेनकिन्स आपणहून थांबत नाही, हे लक्षात असू द्या.

खरं कारण: लॉग फाइलमध्येही साठावा म्हणून टेस्टच्या कमांडनंतर पाइप (|) देऊन 'टी' (tee, आउटपुट दाखवता दाखवता फाइलमध्येही लिहिणारी कमांड) लावलं होतं. पाइप असला की शेल शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (० म्हणजे यश, बाकी काहीही म्हणजे अपयश) धरतं. टेस्टनं १ दिला, 'टी'नं ०. जेनकिन्सला पोचला ०.

उपाय असा: आधी 'एसएच' स्टेपमध्ये (शेल कमांड चालवणारी स्टेप) तिहेरी अवतरणचिन्हाला चिकटूनच बॅशची शेबँग ओळ (#!/bin/bash, कोणत्या शेलनं चालवायचं ते सांगणारी) लिहा. मध्ये रिकामी ओळ सुटली तर ती निव्वळ कॉमेंट ठरते. उबुंटूवर साधं 'एसएच' म्हणजे डॅश हे वेगळं शेल, आणि आमच्या सर्व्हरवर त्यानं पाइपफेलला (पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तर सगळं फेल धरणारा पर्याय) 'इलिगल ऑप्शन' म्हणून नकार दिला, म्हणून बॅश हवंच. दुसऱ्या ओळीत 'सेट -ई -ओ पाइपफेल'. यातला '-ई' (कमांड फेल होताच थांबवणारा) विसरू नका: स्वतःची शेबँग दिली की जेनकिन्स तो आपणहून लावत नाही. मग टेस्टची कमांड, 'टी'सकट, जशीच्या तशी. लॉग साठवायची स्टेप 'पोस्ट'मधल्या 'ऑलवेज'मध्ये (बिल्ड फेल झालं तरी चालणारा भाग) हलवा.

खात्रीसाठी टेस्टच्या जागी 'फॉल्स' (false, नेहमी फेल होणारी कमांड) लिहून बिल्ड चालवा. स्टेज लाल व्हायला हवी, आणि डिप्लॉयची स्टेज वगळलेली दिसायला हवी.