मुलाच्या आणि मुलीच्या शिक्षणाचा आर्थिक परतावा कसा मोजावा

मुलाला पदवीला पाठवावे आणि मुलीचे शिक्षण बारावीवर थांबवावे, असा निर्णय काही पालक आजही दोघांच्या भावी पगारांची तुलना करून घेतात. ही तुलनाच चुकीची आहे, कारण परतावा म्हणजे पगार नव्हे, तर शिक्षणामुळे वाढणारी कमाई. म्हणून प्रत्येक अपत्याबाबत शिकल्यास किती मिळेल आणि न शिकल्यास किती मिळाले असते, हे दोन आकडे मांडावेत आणि प्रत्येकाला तसे काम मिळण्याच्या शक्यतेने गुणावे.

समजा, पदवीनंतर मुलीला २२,००० रुपयांचे काम मिळण्याची शक्यता ७० टक्के आणि बारावीवर १२,००० रुपयांचे काम मिळण्याची ४० टक्के आहे. तर फरक महिन्याला १०,६०० रुपये होतो. मुलाबाबत पदवीनंतर २६,००० रुपये व ८५ टक्के, आणि बारावीवर थांबून टिपर (खाणीतील खनिज वाहणारा ट्रक) चालवल्यास १८,००० रुपये व ९० टक्के धरले, तर फरक अवघा ५,९०० रुपये राहतो. पगार मुलाचा मोठा असला तरी परतावा मुलीचा मोठा आहे.

हाच हिशेब मंदी गृहीत धरून पुन्हा करावा. गोव्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांत ट्रक आणि बार्जवरची (खनिज वाहणाऱ्या नदीतल्या बोटींवरची) कमाई आटली. वरील उदाहरणात टिपरची शक्यता ५० टक्क्यांवर आणि पदवीधराची ७५ टक्क्यांवर आली, तर मुलाचा परतावा १०,५०० रुपयांवर जातो. पर्यटनावर अवलंबून असलेल्या घरांनी २०२० ची टाळेबंदी आठवून मुलीचे आकडेही असेच तपासावेत.

शिक्षणाचे अर्थतज्ज्ञ साखारोपुलोस आणि पॅट्रिनोस यांच्या २०१८ च्या जागतिक आढाव्यात शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षाचा परतावा सरासरी सुमारे ९ टक्के, आणि स्त्रियांचा पुरुषांपेक्षा सुमारे २ टक्के-अंकांनी अधिक आढळला. मात्र असे दर प्रत्यक्ष कमावणाऱ्यांच्या वेतनावरून काढले जातात. पदवी असूनही घरी राहावे लागलेली स्त्री त्यांत मोजली जात नाही. म्हणून मुलीच्या हिशेबात काम मिळण्याच्या शक्यतेचा आकडा सर्वाधिक काळजीने धरावा. अभ्यासक्रम निवडतानाच वेर्णे किंवा कुंडईच्या कारखान्यांत पाळीसाठी वाहन मिळते का, नेमणूक कायम असते की कंत्राटी, आणि कायद्यानुसार मिळणारी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा प्रत्यक्षात दिली जाते का, याची चौकशी तेथे काम करणाऱ्या स्त्रियांकडे करावी.