क्रेडिट कार्ड कोणतं घेऊ? आधी तीन महिन्यांचा खर्च काढून बसा

क्रेडिट कार्ड कोणतं घेऊ भो, हे विचारणारा महिन्यातून एकतरी भेटतोच, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, कार्ड नंतर, आधी तुझा खर्च दाखव. मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयची हिस्टरी उघडा, एका कागदावर किराणा, पेट्रोल, रेल्वे तिकीट, ऑनलाइन खरेदी, लाइटबिल असं वेगवेगळं मांडा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते न करता कार्ड घेणारेच जास्त, त्यात मी पण होतो.

माझं पहिलं कार्ड मी जळगावात एका दुकानाबाहेर टेबल टाकून बसलेल्या पोराकडून घेतलं, का तर सोबत ट्रॉली बॅग फुकट होती. विमानतळावर लाउंज फुकट, मोठ्या हॉटेलात सूट, काय काय होतं त्यात. आता आम्ही मुंबईला जातो ते रात्रीच्या गाडीने, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन, लाउंजमध्ये बसणार कधी? पहिल्या वर्षी फी नव्हती, दुसऱ्या वर्षी ९९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ११७९ रुपये बिलात लागून आले. बॅगेचं चाक त्याच्या आधीच निघालं होतं.

तर फीचं गणित असं करायचं. समजा कार्डाची वार्षिक फी ४९९, जीएसटी धरून ५८९. खर्चाच्या दर १०० रुपयाला बक्षीस म्हणून १ पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे, म्हणजे फायदा फक्त पाव टक्का. नुसती फी वसूल करायला वर्षाला साधारण २ लाख ३५ हजार कार्डावर घासावे लागतील, त्याच्या पुढे जे सुटेल तो फायदा. म्हणून "१० हजार पॉइंट मिळतील" असं कोणी म्हटलं की एकच विचारा, एक पॉइंट म्हणजे किती पैसे? आणि कशाकशावर पॉइंट मिळत नाहीत ते पण विचारा, कारण पेट्रोल, भाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे आणि बऱ्याच कार्डांवर सोनंसुद्धा वगळलेलं असतं, आणि आपल्या जळगावात मोठा खर्च म्हणजे सोनंच ना. त्यात एखादा सराफ कार्ड म्हटलं की वर दीड-दोन टक्के मागतो, मग पाव टक्क्याच्या पॉइंटचं काय लोणचं घालायचं. वर्षाला अमुक खर्च केला की फी माफ, अशी अट असेल तर तो आकडा तुमच्या कागदावरच्या खर्चात आपोआप बसतो का बघा, फी वाचवायला खर्च वाढवू नका. पहिलंच कार्ड असेल तर मी सरळ लाइफटाइम फ्री, म्हणजे वार्षिक फीच नसलेलं, घ्या म्हणेन.

आता व्याज. जो महिन्याचं बिल पूर्ण भरतो त्याला व्याजाचा दर काही का असेना, पण ज्याला पूर्ण भरायची खात्री नाही त्याने कार्डाच्या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या चुलतभावाचं बिल आलं २० हजार, खाली मिनिमम ड्यू १००० लिहिलेलं, त्याला वाटलं हजार भरले की सुटलो. महिना साडेतीन टक्के म्हणजे ७०० व्याज, त्यावर जीएसटी १२६, म्हणजे भरलेल्या हजारातले ८२६ तर व्याजातच गेले. वर बाकी राहिली की नव्या खरेदीला पण पहिल्या दिवसापासून व्याज, ती खरेदीनंतर ५० दिवसांपर्यंत व्याज न लागण्याची सवलत संपली. सावकाराला शेकडा तीन घेतो म्हणून आपण नावं ठेवतो, हे साडेतीन झालं की! आणि एटीएममधून या कार्डाने पैसे काढायचेच नाहीत, फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून.

शेतीवर घर चालतं त्यांनी तर अजून जपून. कापूस नाहीतर रावेर-यावलकडची केळी, पैसा एकदम येतो आणि मधले महिने कोरडे. कृषी केंद्रवाला ओळखीवर सीझनभर थांबतो, कार्ड ड्यू डेटनंतर थांबत नाही. खत-बियाण्याला किसान क्रेडिट कार्ड आहे, नाव सारखं असलं तरी ती गोष्टच वेगळी, ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं. पगारदारांनी पगार कधी पडतो ते बघून बिलाची तारीख ठरवा, ती निदान एकदा बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमातच आहे, कस्टमर केअरवाला आपणहून सांगत नाही.

गावाकडे राहणाऱ्याने रुपे क्रेडिट कार्ड मागावं, ते यूपीआयला जोडता येतं आणि मशीन नसलेल्या किराणावाल्याच्या क्यूआरवर पण चालतं, फक्त तो क्यूआर दुकानाच्या नावाचा हवा, पाहुण्याला किंवा मित्राला त्यातून पैसे जात नाहीत.

अर्ज एकाच ठिकाणी करा. चार बँकांत एकदम टाकले की प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवरून मिळणाऱ्या स्कोअरवर, परिणाम होतो. स्कोअर ७५० च्या वर असेल तर सहसा अडचण येत नाही, आणि स्कोअरच नसेल तर छोटी एफडी ठेवून त्यावर कार्ड घ्या, व्याज एफडीचं चालू राहतं आणि रेकॉर्ड पण बनतं.

कार्ड नको झालं तर आधी पूर्ण बाकी भरा, मग बंद करायची लेखी विनंती टाका, ईमेल चालतो. ७ कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असा नियम आहे, २०२२ पासून. मी ते ट्रॉली बॅगवालं कार्ड बंद करायला फोन केला तर पोरगी म्हणे सर फी परत करतो, ठेवा कार्ड. फी परत घेतली, आणि पुढची फी लागायच्या महिनाभर आधी ईमेल टाकून दिला.