प्लस आर का मायनस आर? प्लेअरला चालेल अशी डिस्क कशी बर्न करायची

डिस्क बर्न झाली, कॉम्प्युटरवर झकास चालते, टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये टाकली की 'नो डिस्क'. आपण डिस्कला शिव्या घालतो, पण बऱ्याचदा ती बिचारी ठणठणीत असते.

आधी प्लेअर बघा, कोरी डिस्क नंतर घ्या. पुढच्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये काय काय चालतं ते लिहिलेलं असतं. एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या डीव्हीडी दोन जातीच्या, डीव्हीडी-आर म्हणजे मायनस आर आणि डीव्हीडी+आर म्हणजे प्लस आर. प्लेअर खूप जुना असेल तर मायनस आर घ्या, कारण ती १९९७ पासूनची आहे आणि प्लस आर आली २००२ मध्ये. आता बहुतेक बर्नर (डिस्क लिहिणारे ड्राइव्ह) दोन्ही लिहितात, त्यामुळे बर्नरची काळजी नको, अडतं ते प्लेअरपाशी.

फक्त प्लस आरच हाताशी असेल तरी मार्ग आहे. बर्न करायच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये बुक टाइप, म्हणजे डिस्कवरची 'मी कुठल्या जातीची' ही खूण, 'डीव्हीडी-रॉम' करून टाका (इमजीबर्न या बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, पण ड्राइव्हचा सपोर्ट लागतो), मग प्लेअरला वाटतं की ही कंपनीतून छापून आलेली डिस्क आहे आणि तो गपचूप चालवतो. मायनस आरमध्ये ही युक्ती नाही, आणि प्लस आरवर एकदा लिहून झाल्यावर बदलता येत नाही.

आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क, कुणाला द्यायला वापरू नका. ती लेझरचा प्रकाश जेमतेम १८ ते ३० टक्केच परत फेकते, साध्या आरच्या मानाने खूपच कमी, आणि ड्युअल लेयर (दोन थरांच्या) डिस्कचंही तसंच असतं म्हणून जुना प्लेअर गोंधळतो. मी एकदा घरातल्या समारंभाचं शूटिंग आरडब्ल्यूवर दिलं होतं, पाहुणे जमले, डिस्क नुसती गरगर फिरत राहिली, अजून टोमणे खातोय.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. विंडोजमध्ये कोरी डिस्क टाकली की विचारतं, पेन ड्राइव्हसारखी वापरायची का सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. प्लेअरसाठीचंच निवडा! पेन ड्राइव्हवाल्या पर्यायाने केलेली डिस्क घरच्या प्लेअरला सहसा कळत नाही. आणि नुसती एमपी४ फाइल कॉपी केली म्हणजे व्हिडिओ डीव्हीडी झाली असं नाही, जुन्या प्लेअरला व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) नावाचा फोल्डर लागतो, तो डीव्हीडी ऑथरिंग सॉफ्टवेअर बनवून देतं. शेवटी फायनलाइज करायला, म्हणजे लिहिणं संपल्यावर डिस्क बंद करायला, विसरू नका.

जागेचं म्हणाल तर ४.७ जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ४.३८ दिसते, फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी. पण मायनस आरमध्ये प्लस आरपेक्षा जवळपास ७ एमबी जास्त मावतात, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या मायनस आरची इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) प्लस आरवर बसत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. ब्लू-रे डिस्क डीव्हीडी प्लेअरमध्ये चालणारच नाही, तिला ४०५ नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीचा ६५० चा असतो.

स्पीड? १६एक्सच्या (मूळ वेगाच्या सोळापट वेगाने लिहिता येणाऱ्या) डिस्कला मी ८एक्स देतो, दोन-तीन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

झाली की ज्या प्लेअरवर लावायची त्यावरच लावा आणि शेवटची दहा मिनिटं पळवून बघा. साधी एका लेयरची डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे गडबड असलीच तर बहुतेक वेळा बाहेरच्या कडेलाच सापडते.