थंड हवेच्या गावी कायमचं राहायला जाताय? मग मे महिना बघून घर ठरवू नका

आधी पापड गेले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बायकोनं डबा उघडला, तर उडदाचे पापड रुमालासारखे घडी घालता येतील इतके मऊ. मग मिठाला पाणी सुटलं, काडेपेटी पेटेना. जुलैमध्ये माझ्या चामड्याच्या चपलांवर हिरवी लव उगवली. ऑगस्टमध्ये कपाटातली पैठणी काढली तेव्हा पदरावर काळपट ठिपके होते. त्या दिवशी घरात कोणी फारसं बोललं नाही.

निवृत्तीनंतर ठाण्याच्या घामाला कंटाळून आम्ही मे महिन्यात महाबळेश्वरला आठ दिवस राहिलो होतो. संध्याकाळी शाल घ्यावी लागत होती. त्या शालीच्या उबेत तिथल्याच एका बंगल्याचा मागचा भाग भाड्यानं घेऊन टाकला. घरमालक मनातल्या मनात हसला असणार.

आता पाचगणीत राहायला येऊन बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी ओळखीचं जोडपं जागा बघायला येतं आणि आम्ही केल्या त्याच चुका नव्या उत्साहानं करायला निघतं. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

उंची विचारतात, पाऊस विचारत नाहीत

ही चूक सगळ्यांत महाग पडते, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

डोंगरावर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, पाचगणी १,३०० च्या आसपास. म्हणजे थंडाव्यात फरक अर्ध्या अंशाचाही नाही. पण पाऊस? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर. तिथून जेमतेम १९ किलोमीटर पूर्वेला पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. आणखी १२-१३ किलोमीटर पसरणीचा घाट उतरून वाईला आलात, की पाऊस जवळजवळ पुण्याइतकाच राहतो.

कारण सरळ आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि कड्यावरच रिकामे होतात. पलीकडे उतरणाऱ्या वाऱ्यात फारसं पाणी उरत नाही. त्यामुळे एसटीनं तासाभरात तुम्ही तीन वेगवेगळ्या पावसाळ्यांतून जाता. जुलैत एकदा मुद्दाम जाऊन बघा: महाबळेश्वरला समोरची गाडी दिसत नाही, पाचगणीत रिमझिम आणि वाईत कृष्णेच्या घाटावर कोरड्या पायऱ्यांवर बसलेली माणसं.

जागा दाखवणारा एजंट उंची सांगेल, 'पॉइंट' दाखवेल, स्ट्रॉबेरी खिलवेल. पाऊस विचारलात तर म्हणेल, "काका, पावसाळ्यातच तर खरी मजा!" मजा दोन दिवसांची असते. जून ते सप्टेंबर, ढगात बसलेल्या घरात, न वाळलेल्या टॉवेलच्या वासात, ती संपते. ज्यांना दमा आहे किंवा फुप्फुसांची जुनी तक्रार आहे, त्यांच्यासाठी तर ही बुरशीची हवा म्हणजे थंड हवेच्या नावाखाली घेतलेलं दुखणं.

माझं मत विचाराल तर, उतारवयात थंडीपेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा. कड्याच्या टोकावरचं गाव पाहुणे म्हणून बघावं. राहायला कड्याच्या पूर्वेला सरकावं. पाचगणी मला म्हणूनच पटली. इंग्रजांच्या काळात इथे शाळा आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं ते उगाच नाही. वाई उन्हाळ्यात तापते, दुपारी पंखा पुरत नाही, हे मान्य. पण बाजार आहे, दवाखाने आहेत, मराठी विश्वकोशाचं कार्यालय तिथलं, घाटावर बसून गप्पा मारायला माणसं आहेत. दोन महिन्यांच्या उन्हाच्या बदल्यात हे सगळं मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

लोणावळ्याला थंड हवेचं ठिकाण म्हणायची आपल्याला सवय आहे, इतकंच. उंची ६२० मीटरच्या जवळपास, म्हणजे मे महिन्यात घाम येतोच आणि पाऊस मात्र चार हजारांच्या वर. तरी पुण्याची लोकल दारात असल्यामुळे सोयीच्या बाबतीत ते बाकीच्यांना मागे टाकतं. माथेरानचा विचार करणाऱ्यांनी दस्तुरी नाक्यापासून हातात भाजीची पिशवी घेऊन एकदा चालून यावं. तिथून पुढे मोटारींना बंदी आहे. साठीत ते फार गोड वाटतं.

करार करायचा तर जूनमध्ये

विकत घ्यायच्या आधी भाड्यानं राहा, हे सगळेच सांगतात. पण कधीपासून, ते कोणी सांगत नाही. बहुतेक लोक दिवाळीनंतर राहायला येतात, सहा महिने स्वर्गात काढतात आणि एप्रिलमध्ये जागेचा बयाणा देऊन मोकळे होतात. त्यापेक्षा ११ महिन्यांचा करार १ जूनपासून करा. वाईट काळ आधी भोगून होतो. शिवाय पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे भाड्याची घासाघीसही जमते.

आणि तोवर शहरातलं घर विकू नका. मुलं म्हणतील, "बाबा, रिकामं कशाला ठेवायचं?" भाड्यानं द्या, पण विकू नका. आमचं परतीचं दार उघडं होतं म्हणून आम्ही महाबळेश्वरहून नीट विचार करून हललो. घर विकून आलेले एक गृहस्थ आमच्या ओळखीत आहेत. त्यांना हलायचं होतं तेव्हा तेवढ्या पैशांत शहरात एक खोली कमी येत होती.

घराची पश्चिम बाजू बघितली का?

इथला पाऊस वरून कमी, आडवा जास्त येतो. नैऋत्येचा वारा पाणी भिंतीत मारतो. म्हणून जुनी माणसं पावसाळ्याआधी त्या बाजूच्या भिंती गवतानं झाकत. आता निळं प्लॅस्टिक आणि पत्रे लावतात. दरीचा देखावा मात्र नेमका पश्चिमेला असतो आणि नवे बंगले तिकडेच मोठाली काचेची दारं ठेवतात. अशा दाराच्या खालच्या फटीशी मी जुलैच्या एका रात्री चार टॉवेल आणि एक जुनं धोतर घेऊन बसलेलो आहे. देखावा अर्थातच धुक्यात गेलेला.

घर आधीच घेऊन बसला असाल तर एवढं करून बघा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट वीतभर पुढे ओढा. मागून हवा खेळली पाहिजे. सपाट स्लॅबला दर वर्षी वॉटरप्रूफिंग करत बसण्यापेक्षा वर उतरत्या पत्र्याची शेड घाला, तिथे कपडेही वाळतात. कपाटात जुना पिवळा बल्ब लावायची इथली पद्धत आहे, कपड्यांपासून लांब, वरच्या बाजूला. एलईडी चालत नाही, कारण आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. मी दुकानात ४० वॉटचा बल्ब मागितला तेव्हा मुलगा म्हणाला, "आजोबा, कपाटासाठी ना?" आणि न विचारता दोन काढून दिले. ज्या खोलीत कागदपत्रं आणि रेशमी साड्या आहेत तिथे दमटपणा शोषणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, घ्याच. पहिल्या दिवशी त्याच्या टाकीत जमलेलं पाणी बघून बायकोला घाम फुटला.

भिंतीवरची बुरशी रंग देऊन झाकू नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. नाहीतर पुढच्या जुलैत ती रंगासकट खाली येते.

पायऱ्या मोजा

आम्हाला एक घर फार आवडलं होतं. रस्त्यापासून खाली उतरत जाणारी बाग, शेवटी कौलारू घर. ४२ पायऱ्या. तेव्हा गुडघे ठीक होते. सोबत आलेल्या मेहुण्यानं, जो स्वतः हृदयविकाराच्या झटक्यातून उठला होता, एकच प्रश्न विचारला: "दादा, तुम्हाला खुर्चीत बसवून वर न्यायला चार माणसं रात्री दोन वाजता कुठून आणणार?" ते घर तिथेच राहिलं.

दवाखान्याचंही तसंच. गावात डॉक्टर आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. रात्री छातीत दुखलं तर ॲन्जिओग्राफी होईल अशा जागी पोचायला किती वेळ लागेल, हे घड्याळ लावून बघा. महाबळेश्वरहून सातारा ५५ किलोमीटरच्या जवळपास, पण ते घाटाचे आणि धुक्याचे किलोमीटर. मे महिन्यातल्या किंवा नाताळातल्या शनिवारी पाचगणी-महाबळेश्वर रस्ता असा तुंबतो की १०८ ची रुग्णवाहिका वेळेवर निघाली तरी अडकते. पावसाळ्यात दरडी. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी खचला. कोकणातून येणाऱ्यांचा रस्ता त्यानंतर बराच काळ बंद होता. मुलगा महाडला राहतो म्हणून महाबळेश्वर जवळ, असा हिशेब करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

राहायला येण्याआधी दोन कागद तपासा. एक, मेडिक्लेम पॉलिसी. काही पॉलिसींचा हप्ता शहरांच्या गटाप्रमाणे ठरतो. पत्ता लहान गावाचा लावून उपचार मुंबईत घेतले तर बिलातला काही भाग आपल्या खिशातून जातो. दोन, सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, पण यादीतल्या रुग्णालयातच. त्या यादीत वाई-साताऱ्यातलं कोणतं रुग्णालय आहे आणि तिथे तुमच्या दुखण्याचा विभाग आहे का, ते आधी फोन करून विचारा.

सातबाऱ्यावर अकरा नावं

'फार्महाऊस प्लॉट, पाच गुंठे, व्हॅली व्ह्यू' अशी पाटी दिसली की पेन्शनर माणसाचा पाय अडखळतो. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे परवानगीशिवाय ती तुम्हाला घेताच येत नाही. मग एजंट मधला मार्ग सुचवतो: नोटरीचा करार, किंवा 'सगळ्यांचा मिळून एक सातबारा'. मला दाखवलेल्या एका सातबाऱ्यावर अकरा नावं होती. दोन भाऊ परदेशात, एक मयत, वारसनोंद बाकी. असल्या जागेवर घर बांधणं म्हणजे अकरा कुटुंबांशी सोयरीक करणं.

शिवाय महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर जानेवारी २००१ पासून आणि माथेरान फेब्रुवारी २००३ पासून केंद्राच्या अधिसूचनेनं इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपलेलं संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम, झाडतोड, बोअरवेल, सगळ्यावर बंधनं. विक्रेता म्हणतो, "इथे सगळेच बांधतात." बांधतात आणि मग नोटिसा येतात. सातबारा, विशेषतः त्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना, नीट वाचा. खाजगी वन, भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळाचं नाव, बँकेचा बोजा, सगळं तिथे सापडतं. ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे जमिनीची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याचा तपास, आपल्या वकिलाकडून घ्या, विकणाऱ्याच्या वकिलाकडून नाही. खरं सांगू? या वयात जमीन घेऊन बांधायच्या भानगडीत पडूच नये. बिनशेती जागेवरचं, भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) असलेलं तयार घर घ्यावं.

पाण्याबद्दल थोडक्यात. एवढा पाऊस पडतो तिथे पाण्याची काय कमी, असं वाटतं. पण उतारावरून पाणी वाहून जातं. महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही वेण्णा तलावावर अवलंबून आहेत आणि मे महिन्यात गर्दी असते. साठवणीची टाकी मोठी हवी. सोलर हीटर धुक्यात काही कामाचा नाही. वादळात वीज गेली तर लवकर येईलच असं नाही, म्हणून इन्व्हर्टर मोठ्या बॅटरीचा घ्या.

मंगळवारी रात्री आठ वाजता

पहिल्या वर्षी पाहुणे संपत नाहीत. मुलं, भाचरं, ऑफिसातले मित्र, मित्रांचे मित्र. बायको म्हणायची, आपण लॉज काढला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या वर्षी ते निम्म्यावर येतात आणि जुलैत कोणीच येत नाही. तेव्हा शेजार लागतो. बंगल्यांच्या वसाहतीत शेजार नसतो, वॉचमन असतो. मालक वर्षातून दहा दिवस येतात.

म्हणून घर ठरवण्याआधी जुलैतल्या एखाद्या मंगळवारी रात्री आठ वाजता त्या गल्लीतून चालत जा आणि दिवा लागलेल्या खिडक्या मोजा. आमच्या महाबळेश्वरच्या गल्लीत दोन होत्या, त्यातली एक आमची. पाचगणीत बाजारामागच्या ज्या गल्लीत आम्ही आलो तिथे चौदा होत्या. दरी दिसत नव्हती, समोर शिंप्याचं दुकान आणि एका शिक्षकांचं घर दिसत होतं. बायको म्हणाली, "इथे घेऊ."

भिलारला, पुस्तकांच्या गावात, आम्ही एसटीनं जातो. पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट. मला अजून अर्धं पडतं, बायको मला त्यावरून चिडवते, कारण बायकांना तसंही सगळ्या वयात अर्धंच. पापड आता वाईहून आणतो, एका वेळी एकच पुडा.