लेहची सहल आखताना या चुका टाळा

"सहा दिवस आहेत. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी सगळं बसेल ना?" दर उन्हाळ्यात लडाखला निघालेलं कुणी ना कुणी मला हे विचारतं. नुब्रा हे खोरं, बाकीची दोन उंचावरची सरोवरं. मी उलट एकच विचारते, "रोज रात्री झोपणार कुठे?" दिवसा किती उंच जाऊन आलात, त्यापेक्षा रात्रीचा मुक्काम किती उंचीवर आहे, यावर तब्येत जास्त अवलंबून असते. बहुतेकांच्या कागदावर स्थळांची नावं असतात, उंची नसते. तिथेच चूक होते.

लेह साधारण ११,५०० फुटांवर आहे. आपलं कळसूबाई ५,४००. मुंबईहून सकाळचं विमान पकडलं की दुपारपर्यंत तुम्ही तिथे पोचता, पण शरीर अजून मुंबईतच असतं. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो. हवेचा दाब मात्र समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणून दर श्वासागणिक तो कमी मिळतो. शरीर श्वास वाढवतं, त्यामुळे रक्तातल्या आम्लाचं गणित बदलतं आणि मूत्रपिंडं ते सावकाश जुळवून आणतात. या जुळणीला दोन-तीन दिवस लागतात आणि ती घाईने करून घेता येत नाही.

पहिला दिवस "वाया घालवायचा नाही"

ही चूक मी स्वतः केली आहे. सह्याद्रीत पंधरा वर्षं फिरलेली, दम चांगला. पोचल्याच्या संध्याकाळीच शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून गेले. वर काही झालं नाही, फोटोही छान आले. रात्री खोलीत बॅग उघडली तर घरून आणलेलं चिवड्याचं पाकीट फुग्यासारखं टणक झालेलं. बुटाची नाडी सोडायला वाकले आणि कपाळावर कुणी घण घालावा तसा ठोका बसला. जेवण समोर आलं तर वासही नकोसा. त्या रात्री झोप लागली नाही आणि पुढचा अख्खा दिवस अंथरुणात गेला. वाचवायला गेले एक संध्याकाळ, गमावला एक दिवस.

व्यायामाची सवय पाय आणि छाती तयार करते, पण विरळ हवेशी जुळवून घेण्याचा वेग तिने वाढत नाही. उलट दमदार माणूसच पहिल्या दिवशी जास्त धावतो आणि अडकतो, हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा. पहिल्या दिवशी अक्षरशः पडून राहा, दुसऱ्या दिवशी बाजारातून हळू फेरी. जमलं तर तिसऱ्या दिवशी अलची-लिकीरच्या मठांच्या बाजूला जा. त्यानंतर खारदुंग ला ओलांडून नुब्रा. खिंड १७,५०० फुटांच्या वर आहे, तिथे पंधरा-वीस मिनिटांत निघा. नुब्रातलं मुक्कामाचं हुंडर गाव मात्र लेहपेक्षा खाली, दहा हजारांच्या आसपास. पँगाँग जवळपास १४,००० फुटांवर, म्हणून तिथली रात्र सगळ्यात शेवटी. सहा दिवसांत त्सो मोरीरी बसत नाही. सोडून द्या.

रस्त्याने जाणाऱ्यांनी श्रीनगर–कारगिलमार्गे जावं, असं माझं ठाम मत आहे. त्या वाटेने उंची टप्प्याटप्प्याने वाढते. मनालीकडून गेलात तर वाटेतल्या सरचूचा तंबू मोहात पाडतो, पण तो १४,००० फुटांवर आहे, लेहपेक्षाही उंच, आणि बहुतेकांची ती प्रवासातली दुसरीच रात्र असते.

गोळी, दारू आणि बोटावरचं यंत्र

अॅसिटाझोलामाइडची गोळी जुळवून घ्यायला मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची अॅलर्जी असलेल्यांनी तर आधी सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, त्याने घाबरू नका. गोळी घेतली म्हणून विश्रांतीचे दिवस कापू नका. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेणं धोक्याचं, कारण दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो. ऑक्सिमीटरवर ८५ दिसलं की घरचे घाबरतात. लेहला पहिल्या दिवसांत असे आकडे दिसतात, गार बोटावर आणि नेलपॉलिशवर ते आणखी चुकतात. आकड्याआधी माणसाकडे बघा.

बाकीचं थोडक्यात. इतर राज्यांतली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, पोस्टपेड न्या. लेहबाहेर रोख जवळ ठेवा. मनालीहून भाड्याने आणलेली बाइक लेहपुढे स्थानिक स्थळांना नेऊ देत नाहीत, लेहमध्येच घ्या. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, हवा बिघडली की विमानं रद्द होतात.

त्रास सुरू झालाच तर

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, थकवा एवढंच असेल तर आहात त्याच उंचीवर थांबा. पॅरासिटामॉल चालेल, पण पूर्ण बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, ओठ निळसर दिसतायत, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, तर सकाळची वाट बघू नका. शंका असेल तर त्याला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर ते मेंदूला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. लगेच ऑक्सिजन, लेहचं सरकारी इस्पितळ आणि शक्य तितक्या लवकर खाली.

यातली एक गोष्ट नकाशा बघताना कुणाच्या लक्षात येत नाही. पँगाँगहून लेहला "खाली" यायचं तर आधी चांग ला ही खिंड चढावी लागते, तीही १७,५०० फुटांच्या आसपास. नुब्राहून येतानाही तेच, तिथे खारदुंग ला. आजारी माणसाला आधी आणखी उंच न्यायचं आणि मग उतरवायचं. म्हणून लेह सोडायच्या सकाळी गाडीत बसण्याआधी प्रत्येकाला विचारा, रात्री झोप लागली का, नाश्ता गेला का, डोकं कसं आहे. आजीला, मुलांना आणि "मला काही होत नाही" म्हणणाऱ्यालाही. एकाचंही उत्तर अडखळलं तर ड्रायव्हरला सांगा, आज नको, उद्या या. मी दोनदा सांगितलंय. दोन्ही वेळा त्याने काही न विचारता गाडी वळवली.