फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचं गणित अडलं? मदत मागताना या चुका टाळा

'सर, हे कसं करायचं?' आणि खाली प्रश्नाचा फोटो. एफवायबीएस्सी आणि इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या ग्रुपांवर असे मेसेज रोज पडतात. उत्तरादाखल बहुधा सोडवलेलं आख्खं गणित येतं. ते वहीत उतरतं, ट्युटोरियल सबमिट होतं आणि पुढच्या गणितात पुन्हा तिथंच अडायला होतं. मदत करणाऱ्याने स्वतःची रीत दाखवलेली असते. तुमचं कुठे चुकतंय हे त्याला कळलेलंच नसतं, कारण तुमचं काम त्याच्यापुढे आलेलंच नाही.

फक्त शेवटची ओळ दाखवणं

विद्यार्थी ज्या ओळीवर थांबतो, त्या ओळीत चूक क्वचितच असते. ती आधीच होऊन गेलेली असते. हा प्रश्न बघा: ३० अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा स्थिर ठेवला आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.६. घर्षण बल किती?

वर्गात याची तीन उत्तरं येतात. २९.४ न्यूटन लिहिणाऱ्याने गुणांकाला थेट वजनाने गुणलेलं असतं. उतारावर लंब प्रतिक्रिया वजनाइतकी नसते. ती वजन गुणिले कॉस ३०, म्हणजे ४२.४ न्यूटन. हे सांभाळलं, तर ०.६ गुणिले ४२.४ करून २५.५ न्यूटन येतं. पण तेही उत्तर नव्हे. २५.५ ही घर्षणाची कमाल मर्यादा झाली. ठोकळ्याला खाली ओढणारं बल ५ × ९.८ × ०.५, म्हणजे २४.५ न्यूटन. ते मर्यादेच्या आत आहे, म्हणून ठोकळा हलत नाही आणि घर्षण नेमकं तेवढंच, २४.५ न्यूटन असतं.

आता 'उत्तर २४.५ आहे, माझं २५.५ येतंय' एवढंच विचारलंत, तर समोरच्याला वाटेल की गुरुत्वीय त्वरण 'जी' ९.८ऐवजी १० घेतला असेल किंवा राउंडिंगमध्ये फरक पडला असेल. तो तसंच सांगेल, तुम्हीही मान डोलवाल, आणि स्थितिक घर्षण लागेल तेवढंच लागतं हा मूळ मुद्दा सुटून जाईल. म्हणून दिलेली माहिती, आकृती, प्रत्येक बलाचा बाण आणि पहिल्या समीकरणापासूनचं सगळं काम दाखवा, खोडलेलं धरून. खोडलेल्या ओळींतून तुम्ही काय विचार केला होता ते कळतं.

फोटोही वाचता येईल असा हवा. लोकलच्या गर्दीत उभ्याने काढलेल्या फोटोत वहीवर सावली पडते आणि वजाचं चिन्ह दिसेनासं होतं. प्रश्न मात्र पुस्तकातला आहे तसाच द्या, आपल्या शब्दांत नको. सांगताना 'स्मूद', 'लाइट स्ट्रिंग', 'फ्रॉम रेस्ट' असे शब्द गळतात. एक 'स्मूद' गळला की घर्षण शून्य आहे हे समोरच्याला कळायचा मार्गच उरत नाही.

एककं न तपासता विचारणं

बऱ्याच शंका विचारायची गरजच नसते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने येणारी लोकल ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग या मंदनाने थांबते, तर ती किती अंतर जाईल? वेग सेकंदाला २० मीटर केला की ४०० भागिले १.६, म्हणजे २५० मीटर. ७२ तसेच ठेवले तर ३२४० येतात: दादरच्या आधी ब्रेक लावलेली गाडी दादर मागे टाकून बरीच पुढे जाऊन थांबेल! उत्तर शक्य वाटतं का, हे आधी स्वतःला विचारा.

कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढा. ०.५ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर तो अंशांऐवजी रेडियन मोडमध्ये आहे. मॅथ्सचं इंटिग्रेशन तपासायला मोड बदललेला असतो आणि पुढच्या तासाला फिजिक्सला तोच चालू राहतो.

केमिस्ट्रीत हाच गोंधळ आर या वायू स्थिरांकात होतो. २ मोल वायू, १० लिटर, २७ अंश सेल्सिअस, दाब किती? तापमान ३०० केल्विन आणि आर ०.०८२१ घेतला की दाब ४.९३ ॲटमॉस्फिअर येतो. आर ८.३१४ घेतला तर ४९९ येतात. हा आकडा चुकीचा नाही, तो किलोपास्कलमध्ये आहे. समोर ॲटमॉस्फिअर लिहिलं की मार्क गेले. २७चे केल्विन केलेच नाहीत, तर मात्र सगळंच फसतं.

केमिस्ट्रीत सूत्र लागू आहे का, हे न बघणं

टायट्रेशन म्हटलं की हात आपोआप एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टूकडे (तीव्रता गुणिले आकारमान, दोन्हीकडे सारखं) जातो. मोलॅरिटी (दर लिटरमागे मोल) वापरून हे सूत्र तेव्हाच चालतं, जेव्हा दोन पदार्थ एकास एक प्रमाणात लागतात. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं प्रमाण दोनास पाच आहे. ०.०५ मोलरचं १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड घेतलं आणि ब्युरेटमधून १० मिली परमँगनेट लागलं, तर परमँगनेट ०.०२ मोलर असतं. सूत्र डोळे मिटून लावलं तर ०.०५ येतं, म्हणजे अडीचपट. हेच गणित नॉर्मॅलिटीत (मोलऐवजी सममूल्यांत मोजलेली तीव्रता) मांडलं तर सूत्र बरोबर चालतं, दोन्हीकडे ०.१ नॉर्मल. म्हणून शंका विचारताना आकडा मोलरमध्ये आहे की नॉर्मलमध्ये, हे लिहाच.

द्रावण करताना स्फटिकातलं पाणी विसरू नका. ०.१ मोलर कॉपर सल्फेट २५० मिली करायला निळे स्फटिक ६.२४ ग्रॅम लागतात. पाण्याशिवायचं मोलर वस्तुमान १५९.६ धरून ३.९९ ग्रॅम घातले, तर द्रावण जेमतेम ०.०६४ मोलर होतं, आणि मग दिवसभर रीडिंग का जुळत नाही याचा शोध चालतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. फिजिक्सच्या सीनियरकडून थर्मोडायनॅमिक्सचं केमिस्ट्रीतलं गणित समजून घेताना चिन्हं उलटी होतात. फिजिक्समध्ये सहसा वायूने केलेलं काम धन धरतात आणि आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा काम. केमिस्ट्रीत वायूवर केलेलं काम धन असतं, म्हणून तिथे उष्णता अधिक काम. दोन्ही बरोबर आहेत. एकाच गणितात मिसळले की उत्तर बिघडतं. कोणत्या विषयाचं गणित आहे ते आधी सांगा.

मॅथ्समध्ये 'रूल लावला' म्हणून सुटका

एल-हॉस्पिटल रूल, म्हणजे अंश आणि छेद वेगवेगळे डिफरन्शिएट करून लिमिट काढणं, शून्य भागिले शून्य किंवा अनंत भागिले अनंत असेल तरच लागतो. एक्स शून्याकडे जाताना (एक्स + २) भागिले (एक्स + १) याची लिमिट २ आहे. रूल लावून १ काढणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. आधी किंमत टाकून बघायची एक ओळ लिहिलीत, तर हे टळतं.

इंटिग्रेशन करताना सब्स्टिट्यूशनमध्ये मर्यादा बदलायच्या राहतात. २एक्स गुणिले (एक्स वर्ग + १) चा घन, याचं इंटिग्रेशन ० ते २. एक्स वर्ग + १ला यू म्हटलं की मर्यादा १ ते ५ होतात आणि उत्तर १५६ येतं. मर्यादा ० ते २ तशाच ठेवल्या तर ४.

आयतं उत्तर खरं मानणं

ॲपने किंवा चॅटबॉटने दिलेल्या उत्तरालाही हेच निकष लावा: इंटिग्रेशनचं उत्तर डिफरन्शिएट करून मूळ फंक्शन परत येतं का, एककं जुळतात का, गाइडने 'जी' १० घेतला आहे का. मधली पायरी पटली नाही, तर त्या पायरीवर बोट ठेवून विचारा. 'परत समजवा' म्हटलं की तीच ओळ थोड्या वेगळ्या शब्दांत परत येते.

विचारायची वेळही महत्त्वाची. गणिताशी वीसेक मिनिटं झटापट केल्यावर, पण सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे. प्रॅक्टिकल संपल्यावर स्टाफरूममध्ये एकच गणित आणि त्याचं कच्चं काम घेऊन गेलात, तर शिकवणारे मनापासून वेळ देतात. समजलं की तिथल्या तिथे वही मिटून, आकडे बदलून तेच गणित त्यांच्यासमोर एकदा करून बघा. अडलात, तर विचारायला माणूस समोरच आहे.