पळसाला पानं तीन, टाळ्या मात्र दोन: बालवर्गातल्या वसंताच्या उपक्रमांत या चुका टाळा

‘पळस’ म्हणत टाळ्या वाजवायला सांगितलं की चार वर्षांचं मूल दोन टाळ्या वाजवतं. प-ळस. ताई म्हणतात, “चुकलं, तीन टाळ्या. प, ळ, स.” इथे मूल बरोबर आहे, ताई चुकल्या आहेत.

मूल ऐकतं, ताई वाचतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आणि पुष्कळदा मधलाही ‘अ’ आपण उच्चारत नाही, पण लिहिताना त्याचं अक्षर पूर्ण लिहितो. त्यामुळे लिहिलेली अक्षरं आणि ऐकू येणारे तुकडे यांची संख्या जुळेलच असं नाही. पान हा शब्द ऐकायला एक तुकडा, लिहायला दोन अक्षरं. मोगरा ऐकायला दोन (मोग-रा), लिहायला तीन. चिमणी, फणस, जांभूळ यांचंही तसंच. करवंदाच्या टाळ्या दोन आणि अक्षरं चार. गुलमोहराच्या टाळ्या तीन, अक्षरं पाच.

मुलाला दोन-चार वेळा ‘चुकलं’ ऐकू आलं की ते कानावरचा विश्वास सोडतं आणि ताईंच्या हाताकडे बघून टाळ्या वाजवू लागतं. वर्गात सगळ्यांच्या टाळ्या एकदम पडतात म्हणून उपक्रम जमला असं वाटतं, पण ऐकणं तिथेच थांबलेलं असतं. पुढे हेच मूल शब्द फोडून लिहिताना अडतं.

उपाय सोपा आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे टाळ्या आणि अक्षरं जुळणारे शब्दच घ्या: कैरी, आंबा, गुढी, वारा, चाफा, पाला, बहावा, पांगारा, कोकिळा. ते बसले की पान, पळस, मोगरा आणा, आणि टाळी फक्त कानासाठी ठेवा. अक्षरं मोजायची वेळ साधारण पाचव्या वर्षानंतर येते. तेव्हा लिहिलेल्या शब्दाखाली एकेका अक्षराला एकेक खडा ठेवायला द्या. टाळ्या दोन आणि खडे तीन आले, तर मुलांना तसंच सांगा: “ऐकायला दोन, लिहायला तीन.” मुलं हे सहज मान्य करतात. तिन्ही पानं एका देठावर असलेली पळसाची डहाळी हातात असेल तर आणखी सोपं.

चाफा आणि चैत्र एका टोपलीत का जात नाहीत

पहिल्या ध्वनीनुसार वस्तू किंवा चित्रं वेगळी करण्याचा खेळ सगळीकडे घेतला जातो. ‘च’च्या टोपलीत चाफा, चिमणी, चिंच, ‘चैत्र’ म्हणून गुढीचं चित्र असं सगळं टाकायला सांगतात. मूल चाफा हातात घेऊन घुटमळतं किंवा वेगळीकडे ठेवतं, आणि त्याला अजून ध्वनी कळत नाही असा शेरा मिळतो. खरं तर त्याचा कान तयार आहे. चाफ्यातला च दंत्य आहे, म्हणजे जीभ दातांकडे जाते; चिमणीतला तालव्य, म्हणजे जीभ टाळूकडे. अक्षर एक, उच्चार दोन. ज आणि झ यांचंही हेच: जाई, जुई, जांभूळ एका उच्चाराचे, जिराफ दुसऱ्या. चिंच या एकाच शब्दात दोन्ही च आहेत. म्हणून ध्वनींच्या खेळात पहिले दोन महिने च, ज, झ घेऊच नका. प, म, क, ग, र, स यांवर खेळ बसवा.

‘क कैरीचा’ हीही अशीच अडचण. तक्त्यावर नुसता क, आणि मुलाला ऐकू येतो कै. अक्षर आणि आवाज जुळत नाहीत. ‘क’साठी कडुनिंब, करवंद किंवा कळी घ्या. ‘फ’ला फणस, ‘र’ला रस, ‘ग’ला गवत, ‘व’ला वड, ‘ब’ला बहावा. कैरी तोंडी गप्पांसाठी उत्तम, पण क शिकवायला नको. ळ आणि ण मराठी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, त्यामुळे ‘सुरुवातीला काय ऐकू आलं’ या खेळात ते कधीच सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी खेळ उलटा करा: फळ, कोकीळ, जांभूळ म्हणून दाखवा आणि शेवटी काय ऐकू आलं ते विचारा.

ट्यूलिपचा वसंत

इंटरनेटवरून काढलेल्या वसंताच्या कागदांवर ट्यूलिप, ससे, वितळणारा बर्फ आणि हिरवीगार कुरणं असतात. तो थंड प्रदेशातला वसंत आहे. आपल्याकडे चैत्रात गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, जुनी पानं गळत असतात आणि त्याच फांदीवर पिंपळाची तांबूस पालवी फुटत असते. कागदावर एक आणि खिडकीबाहेर दुसरं असलं की शब्दाला धरायला वस्तू उरत नाही. मूल ‘वसंत ऋतूत सगळीकडे हिरवळ असते’ हे वाक्य पाठ म्हणतं आणि बाहेर धुळीत खेळायला जातं. परदेशातल्या मराठी शाळेत मात्र दारात खरोखर ट्यूलिप असतील, तर त्यांच्यावरच बोलावं. तिथे पळसाचा फोटो घेऊन बसू नये.

या कागदांत आणखी एक खोट असते. पुष्कळदा त्यांतली अक्षरं हिंदी वळणाची असतात. मराठीत ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. घरी पाटीवर एक ल आणि वर्गात छापलेला दुसरा ल दिसला तर पाच वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. छापण्याआधी ही दोन अक्षरं तपासाच, आणि फॉन्ट जुळत नसेल तर तेवढी अक्षरं हाताने काढा.

वेळापत्रकाचीही चूक होते. पाडव्याच्या आठवड्यात ‘पळस’ आणि ‘मोहोर’ ठेवतात, तोवर पळस बऱ्याच ठिकाणी झडलेला असतो आणि मोहोराच्या कैऱ्या झालेल्या असतात. झाड बघून आठवडा ठरवा. साधारण क्रम असा: आधी मोहोर, मग पळस, पांगारा, काटेसावर, पाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा आणि कैरी, एप्रिलच्या पुढे बहावा. विदर्भ-मराठवाड्यात मार्चअखेर दहानंतर मुलांना बाहेर नेऊ नका. फेरफटका सकाळी साडेआठच्या आत आणि वीस मिनिटांचाच ठेवा.

एक कैरी, तीन दिवस

कैरी दाखवून गप्पा मारणं हा सगळ्यांत जास्त वाया जाणारा उपक्रम. पंचवीस मुलं गोल बसतात, ताई कैरी दाखवतात, रंग कोणता, चव कशी, मुलं एका सुरात ‘हिरवाऽऽ, आंबऽऽट’ ओरडतात आणि संपतं. त्यात नवा शब्द मिळत नाही आणि एकाही मुलाला पूर्ण वाक्य बोलावं लागत नाही.

आठ मुलांचा गट करा. दोन कैऱ्या घ्या, एक देठासकट. चीक त्वचेला आणि ओठांना झोंबतो, म्हणून देठ मोठ्यांनी काढावा, कैरी थोडा वेळ पालथी ठेवावी आणि धुऊन पुसून मगच मुलांच्या हातात द्यावी. आधी न कापलेली कैरी हातोहात फिरू द्या. वास घेऊ द्या. मग मोठ्यांनी कापावी. कोवळ्या कैरीची कोय सुरीने सहज दुभंगते, आत पांढरी मऊ बी दिसते. मुलं तिथे हमखास थांबतात. इथे शब्द द्या: देठ, साल, गर, कोय, फोड, चीक. एका दिवसाला एवढे पुरेत. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. बहुतेक ताई दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतात आणि मागचं मूल बोलायचं राहून जातं.

मग मुलं जे बोलली त्यातली चार-पाच वाक्यं मोठ्या कागदावर लिहा. अक्षरं चार-पाच सेंटिमीटर उंच, जाड पेनने, दोन शब्दांत बोटभर जागा. आणि इथली मोठी चूक म्हणजे वाक्य ‘सुधारणं’. मूल म्हणतं, “कैरी लई आंबट.” कागदावर येतं, “कैरी ही चवीला आंबट असते.” आता ते वाक्य मुलाचं राहिलंच नाही, उद्या ते त्याला ओळखता येणार नाही. तोंडातून निघालं तेच कागदावर दिसलं तरच बोललेलं लिहिता येतं हे मुलाला उमगतं. वऱ्हाडातलं मूल पळसाला ‘पयस’ म्हणेल, मालवणातलं आंब्याला ‘आंबो’. पहिल्या कागदावर तेच लिहा. पुस्तकातला शब्द दुसऱ्या दिवशी शेजारी लिहून दाखवा, पहिला खोडू नका.

दुसऱ्या दिवशी तोच कागद, शब्दाखाली काठी फिरवत वाचन, आणि ‘कैरी’ किती ठिकाणी लिहिलंय ते शोधणं. तिसऱ्या दिवशी दोन वाक्यांच्या पट्ट्या कापून शब्द सुटे करा आणि मूळ कागद बघून जुळवू द्या. रोज नवा विषय आणण्याची घाई केली तर वाचन पहिल्या दिवसाच्या पुढे जातच नाही.

गोष्टीच्या पुस्तकालाही हेच लागू: एकच पुस्तक चार-पाच दिवस, पाच-सहा मुलांच्या गटात.

बाराखडीची घाई, पेन्सिलीची घाई

आधी संपूर्ण मुळाक्षरं, मग संपूर्ण बाराखडी, मग शब्द, हा क्रम मुलांना महिनोन्महिने अर्थाशिवाय बसवतो. थोडी अक्षरं आणि लगेच शब्द असं चला. प, ळ, स, फ, र, न, व ही सात अक्षरं आणि काना एवढ्यात पळस, फळ, रस, वन, पान, पार, रान, वारा, पारवा हे शब्द तयार होतात. यातलं बरंचसं अंगणात दाखवता येतं. एकसारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात आणू नका: प-ष, भ-म, घ-ध, ब-व. एक पक्कं झाल्यावर दुसऱ्यात किमान तीन आठवडे जाऊ द्या. उलटी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत दिसतात; त्यावर लाल रेघ मारू नका, शेजारी नीट अक्षर काढून दाखवलं की पुरे.

तीन-साडेतीनच्या मुलाला ठिपके जोडून अक्षर गिरवायला दिलं की ते पेन्सिल मुठीत धरतं, बोटं पांढरी होतात आणि दहा मिनिटांत नको म्हणतं. हातच अजून तयार नसतो. आधी वाळलेली पानं फाडणं, शेंगा सोलणं, झेंडूची फुलं ओवणं. ओवायला सुई नको. चाळीस सेंटिमीटर लांबीचा जाड दोरा घ्या, टोकाला फेविकॉल लावून रात्रभर वाळू द्या. टोक कडक होतं. फुलाला मधोमध भोक ताईंनी आधीच पाडून ठेवावं. मोगरा लगेच चुरगळतो, त्यापेक्षा झेंडू बरा.

ताटात बोटाने अक्षर काढायचं तर खाली गडद कागद घालून त्यावर बारीक वाळू जेमतेम अर्धा सेंटिमीटर पसरा. थर जाड असला तर रेघ ढासळते, अक्षर दिसतच नाही, आणि मूल जोर लावत राहतं. विकतची रांगोळी वापरू नका. ती डोळ्यांत जाते. रवा चालतो, पण त्याच दिवशी डब्यात भरा, नाहीतर मुंग्या येतात. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर, डावीकडून उजवीकडे, एकदाच.

पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंख-शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य केलं. ते आजही फुकट मिळतं, फक्त निवड जपून हवी. गुंजा दिसायला सुंदर पण विषारी, पिवळी कण्हेरही विषारी. दोन्ही वर्गात नकोत. चिंचोके आणि लहान बिया नाकात जातात, म्हणून चार वर्षांखालच्या गटाला देऊ नका आणि मोठ्या गटाला मोजून द्या, मोजून परत घ्या.

चैत्रांगण सोडू नका

हा उपक्रम बहुतेक ठिकाणी सजावट म्हणून उरकला जातो. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत काढल्या जाणाऱ्या या रांगोळीत सूर्य, चंद्र, पाळणा, कासव, शंख, गोपद्म, तुळशीवृंदावन अशी चिन्हं असतात. दोन-चार रेघा म्हणजे कासव, हे मुलाला पटलं की कागदावरची खूण म्हणजे आवाज हेही पटतं. वाचनाची ही पहिली पायरी आहे.

ताईंनी पूर्ण चैत्रांगण काढून मुलांना रंग भरायला देणं ही इथली चूक. पाचच चिन्हं निवडा, फरशीवर खडूने एकेक हात लांबीची काढा, आणि मुलांना ‘वाचायला’ सांगा. मग दोन चिन्हं शेजारी ठेवून गोष्ट विचारा: कासव आणि चंद्र. पुढच्या वेळी प्रत्येकाला स्वतःचं एक चिन्ह तयार करू द्या, त्याच्या नावाच्या पट्टीवर नावाआधी ते काढा, आणि ती पट्टी रोज हजेरीसाठी भिंतीवर लावलेल्या कागदी झाडावर अडकवू द्या. पट्टी जमिनीपासून तीन फुटांवर हवी, नाहीतर ती फक्त पालकांनाच दिसते. पट्टी पानाच्या आकारात कापताना नावाचं शेवटचं अक्षर टोकाशी कापलं जातं, म्हणून आधी नाव लिहा आणि मग त्याभोवती पान कापा.